पांढरी भुकटी, काळी काजळी आणि ऊन
मातीत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या इतिहासातले एक दुर्लक्षित प्रकरण

कलिंगड, मिरची, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांच्या गादीवाफ्यांवर अंथरतात त्या प्लास्टिकला आपल्याकडचा शेतकरी ‘मल्चिंग पेपर’ म्हणतो. नाव कागदाचे, वस्तू पॉलिथिनची. हा ‘पेपर’ तण दाबतो, ओल धरून ठेवतो, पाणी वाचवतो. हंगाम संपला की त्याचा त्रास सुरू होतो. ३० मायक्रॉन जाडीची फिल्म धरली तर एका चौरस मीटरला सुमारे २८ ग्रॅम प्लास्टिक लागते. एकराचे निम्मे क्षेत्र झाकले, तर साधारण ५५ किलो. उन्हाने कडक झालेले, माती-मुळे चिकटलेले हे ५५ किलो प्लास्टिक सबंध गोळा होणे अवघडच. उरलेल्या चिंध्या नांगराखाली जातात आणि तिथेच राहतात.

यावर उपाय म्हणून जैवविघटनशील फिल्म पुढे आली. तिच्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. पीक उभे आहे तोवर तीन-चार महिने तिने ऊन-पाऊस सोसून टिकावे. पीक निघाले की जिवाणू-बुरशींनी तिला खाऊन टाकावे. हे जमते की नाही ते प्लास्टिकच्या जातीवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. या विषयाचा शंभर वर्षांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा मला पुनःपुन्हा एक वेगळेच पात्र मध्ये येताना दिसले. ते म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळलेली खनिज भुकटी. कारखान्याच्या भाषेत ती ‘फिलर’, म्हणजे नुसती भर. किंवा ‘कलर’, म्हणजे नुसता रंग. उन्हात मात्र ही भुकटी फिल्मचे आयुष्य वाढवते, घटवते, आणि कधी कधी फिल्मला मातीत मिळण्याच्या लायकीचेच ठेवत नाही.

रंगाच्या डब्यातला पहिला इशारा

ही गोष्ट प्लास्टिकच्या आधी, रंगाच्या धंद्यात सुरू होते. पांढऱ्या रंगासाठी पूर्वी सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा क्षार वापरत. तो विषारी. त्याला पर्याय म्हणून १९१६च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका या दोन देशांत टायटॅनियम डायऑक्साइडचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. कच्चा माल इल्मेनाइट. त्याची काळी वाळू केरळच्या किनाऱ्यावर मुबलक आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. या काळ्या वाळूतून निघणारी भुकटी इतकी शुभ्र असते की आज भिंतीचा रंग, कागद, टूथपेस्ट, प्लास्टिकची पिशवी यांतल्या पांढरेपणामागे बहुधा तीच असते.

पण या नव्या पांढऱ्या रंगाला एक खोड होती. बाहेरच्या उन्हात काही काळ गेला की रंगवलेल्या पृष्ठभागावरून हात फिरवताच पांढरी पूड बोटांना लागे. रंगारी याला ‘चॉकिंग’ म्हणत. भुकटी स्वतः शाबूत असे. तिला धरून ठेवणारे तेल नष्ट झालेले असे. भुकटीसारखी निर्जीव वस्तू आपल्या भोवतीच्या तेलाला कशी खाते?

उत्तराचे टोक आधीच हाती आलेले होते. १९११ मध्ये जर्मन रसायनज्ञ अलेक्झांडर आइबनर यांनी झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात प्रशियन ब्लू हा निळा रंग उजेडात उडतो, हे नोंदवले होते. १९३८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गुडीव्ह आणि किचनर यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर तसेच काम केले. ही भुकटी प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा शेजारच्या सेंद्रिय पदार्थाच्या नाशासाठी वापरली जाते, असे त्यांनी दाखवले. आज आपण याला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतो. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन घडवल्याचे प्रसिद्ध केले आणि या क्षेत्राला जगभर प्रतिष्ठा मिळाली. रंगवाल्यांच्या लेखी जी डोकेदुखी होती, तिच्यातूनच एक विज्ञानशाखा फोफावली.

यामागची यंत्रणा थोडक्यात अशी. सुमारे ३९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश कणावर पडला की कणातला एक इलेक्ट्रॉन जागचा उडतो आणि त्याच्या जागी ‘छिद्र’ उरते. इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला पकडतो, छिद्र पृष्ठभागावरच्या ओलाव्याला. दोन्हींतून अत्यंत आक्रमक मूलके तयार होतात आणि ती समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. कण मात्र तसाच राहतो, पुढच्या किरणासाठी तयार.

टायटॅनियम डायऑक्साइडची दोन प्रमुख स्फटिकरूपे आहेत: ॲनाटेज आणि रुटाइल. ॲनाटेज अधिक उपद्रवी, रुटाइल त्या मानाने शांत. म्हणून बाहेरच्या रंगांसाठी रुटाइल आले. त्याच्या कणांवर सिलिका आणि ॲल्युमिना यांचे पातळ कवच चढवण्याची पद्धत आली. कवच असले की कण आणि तेल यांची थेट गाठ पडत नाही. मग तोच कण अतिनील प्रकाश शोषून आणि विखरून उलट संरक्षण करतो. एकाच नावाची भुकटी एका रूपात मारक, दुसऱ्या रूपात तारक. खरेदीच्या पावतीवर मात्र दोन्हींचे नाव ‘टायटॅनियम’ एवढेच.

काजळीची ढाल

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांच्या उच्च दाबाच्या प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ भांड्यात सापडला. तोच पॉलिथिन. युद्धकाळात तो रडारच्या तारांभोवती गुंडाळला गेला आणि युद्धानंतर टेलिफोनच्या केबलवर शिशाच्या जागी आला. तिथे उन्हाची अडचण उभी राहिली. उघड्यावरचे स्वच्छ पॉलिथिन काही काळात तडकते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी १९५०च्या सुमारास त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पॉलिथिनमध्ये दोन-तीन टक्के बारीक काजळी नीट मिसळली, तर ते उन्हात वर्षानुवर्षे टिकते, असे त्यातून दिसले. काजळी प्रकाश आत शिरूच देत नाही आणि तयार झालेल्या मूलकांनाही निष्प्रभ करते. पाण्याचे काळे पाइप आजही काळे आहेत ते याच कारणाने.

त्याच सुमारास केंटकी विद्यापीठातले एमरी एमर्ट पॉलिथिनला शेतात आणत होते. १९४८ मध्ये त्यांनी हरितगृहाच्या महागड्या काचेऐवजी प्लास्टिकची फिल्म वापरली आणि पुढे आच्छादनासाठीही तिचे प्रयोग केले. शेतातली फिल्म काळी करण्याचे एक कारण तण, कारण अंधारात ते वाढत नाही. काजळीमुळे फिल्म उन्हात टिकली, हा दुसरा फायदा. पण ढाल जितकी मजबूत, तितके हंगामानंतरचे संकट मोठे. जे उन्हाने मोडत नाही आणि जिवाणूंनाही खाता येत नाही, ते जाणार कुठे?

उन्हालाच कामाला लावण्याची कल्पना

१९७०च्या दशकात काही संशोधकांनी हा प्रश्न उलटा मांडला. ऊन प्लास्टिक मोडते ना? मग त्यालाच हे काम द्यावे. टोरांटो विद्यापीठातील जेम्स गिलेट यांनी प्लास्टिकच्या साखळीतच प्रकाश शोषणारे कीटोन गट गुंफले. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातील जेराल्ड स्कॉट यांनी लोखंडाची अशी संयुगे वापरली, जी सुरुवातीला प्लास्टिकचे रक्षण करतात आणि काही काळाने स्वतः मोडून लोखंड मोकळे करतात. मग ते लोखंड उन्हाच्या साथीने प्लास्टिक मोडू लागते. इस्रायलमधील डॅन गिलिअड यांच्यासह ही पद्धत शेतातल्या आच्छादनापर्यंत पोचली. कल्पना बुद्धिमान होती. फिल्मच्या पोटात जणू घड्याळ बसवले होते.

घड्याळ चालले, पण त्याने वेळ अर्धवटच दाखवली. फिल्मचा जो भाग मातीखाली पुरलेला असतो, त्याच्यापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून तो तसाच राहतो. वरचा भाग तुकडे-तुकडे होतो. तुकडे दिसेनासे होणे आणि पदार्थ नाहीसा होणे यांत फरक आहे. आज ज्याला आपण मायक्रोप्लास्टिक म्हणतो, त्याची शंका याच फरकात दडलेली होती. धातूंची संयुगे घालून नेहमीच्या प्लास्टिकचे तुकडे पाडणाऱ्या या सगळ्या जातीला पुढे ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ हे नाव पडले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने तिच्यावर बंदी घातली आणि ती जुलै २०२१ पासून लागू झाली.

या अनुभवातला धडा असा: प्लास्टिक मोडणे हे पहिले पाऊल, त्याचा कार्बन जिवाणूंच्या पोटात जाऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नवे जीवद्रव्य होणे हे शेवटचे. मधल्या वाटेवर थांबले, तर शेतकऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा बारीक कचरा उरतो, आणि तो वेचताही येत नाही.

खाण्याजोगे प्लास्टिक आणि पुन्हा तीच भुकटी

जिवाणूंना खाता येईल असे प्लास्टिक ही नवी गोष्ट नाही. पाश्चर संस्थेतील मॉरिस लमॉइन यांनी १९२६ मध्ये जिवाणूंच्या पेशींतच साठवलेले एक पॉलिएस्टर ओळखले होते. १९३२ मध्ये ड्यूपाँ कंपनीतील वॅलेस करॉदर्स यांनी पॉलिलॅक्टिक ॲसिडवर काम केले. दही आंबट करणारे लॅक्टिक ॲसिड साखळीत जोडले की हे प्लास्टिक होते. स्वस्त पॉलिथिनच्या काळात या शोधांकडे कोणाचे लक्ष नव्हते. शतकाच्या अखेरीस ते वळले. १९९८ मध्ये बीएएसएफने पीबीएटी जातीचे लवचीक, जैवविघटनशील पॉलिएस्टर बाजारात आणले. २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर येथे पॉलिलॅक्टिक ॲसिडचा मोठा कारखाना सुरू झाला. आज शेतातल्या बहुतेक जैवविघटनशील फिल्म या दोघांच्या, किंवा त्यांच्याबरोबर स्टार्चच्या, मिश्रणातून होतात.

ही प्लास्टिके पॉलिथिनपेक्षा महाग. म्हणून त्यांत खनिज भर घालण्याचा मोह मोठा. चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शंखजिरे, म्हणजे टाल्क, निरनिराळ्या चिकणमात्या, पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम. मोह नुसता पैशाचा नाही. भुकटीने फिल्म ताठ होते, दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत. शंखजिऱ्याच्या कणांभोवती पॉलिलॅक्टिक ॲसिडचे स्फटिक लवकर धरतात. भर उपयोगी आहे, यात वाद नाही. तिच्या गुणधर्मांचा हिशेब करताना उन्हाची बाजू मात्र फार उशिरा मांडली गेली.

ही बाजू ठळकपणे मांडणारा एक अभ्यास मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जैवविघटनशील पॉलिएस्टरच्या काळ्या आणि पांढऱ्या फिल्म टोमॅटोच्या शेतात अंथरल्या आणि शेजारी नेहमीचे पॉलिथिन तुलनेला ठेवले. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड होते, काळेपणासाठी काजळी. पांढऱ्या फिल्ममध्ये टायटॅनियमने उन्हाच्या विध्वंसाला हातभार लावल्याचे दिसले. काळ्या फिल्मला काजळीने सांभाळले. आच्छादन वेळेआधी फाटले की तण वर येते आणि ओल उडते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचे जाते. रंगारी ज्या चॉकिंगने हैराण झाले होते, तेच सत्तर वर्षांनी टोमॅटोच्या वाफ्यावर अवतरले.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फिल्म उन्हाने ठिसूळ झाली म्हणजे तिच्या साखळ्या तुटल्या आणि जिवाणूंचे काम सोपे झाले, असे आपण सहज म्हणू. पीबीएटीच्या साखळीत टेरेफ्थॅलिक ॲसिडची वलये असतात आणि ती जमिनीवर पोचणारा अतिनील प्रकाश शोषतात. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल; साध्या कार्बन-कार्बन बंधाला तोडायला सुमारे ३५० पुरतात. बंध तुटून मूलके तयार होतात. काही साखळ्या आखूड होतात. पण काही मूलके शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतात आणि दोन साखळ्यांत आडवा सांधा पडतो. असे पुष्कळ सांधे झाले की मोकळ्या धाग्यांचे जाळे बनते. ते ताणले तर तुटते, म्हणून ठिसूळ. पण जिवाणूंच्या विकरांना त्यात शिरायला वाव कमी, म्हणून पचायला जड. मिशिगनच्या संशोधकांना असे सांधे वाढले की जैवविघटन मंदावते, हेच दिसले. म्हणजे ऊन फिल्मला एकाच वेळी लवकर फाडू शकते आणि उशिरा कुजवू शकते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट जुळणी नाही.

मातीतले लोखंड

चिकणमातीची कथा आणखी वळणाची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी माँटमोरिलोनाइट या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे नायलॉनमध्ये विखुरले. अगदी थोड्या भरीने नायलॉन कितीतरी बळकट झाले आणि जगभर ‘नॅनोकंपोझिट’ची लाट आली. पापुद्र्यांमुळे हवा-पाण्याची वाट लांबते, म्हणून जैवविघटनशील प्लास्टिकमध्येही ही माती आली.

फ्रान्समधल्या माँमोरियाँ गावाच्या नावाने १८४७ मध्ये ओळखले गेलेले हे खनिज आपल्याला परके नाही. दख्खनच्या काळ्या कसदार जमिनीत याच कुळातली खनिजे भरलेली आहेत. पावसात फुगणारी आणि वैशाखात हातभर भेगाळणारी आपली माती हे त्यांचेच कर्तृत्व.

क्लेरमाँ-फेराँच्या प्रयोगशाळेत २००० नंतरच्या दशकात पॉलिप्रॉपिलीनमध्ये ही माती मिसळून उन्हाचा परिणाम तपासला गेला. मातीमुळे उन्हातले ऑक्सिडीकरण लवकर सुरू झाले. संशय दोघांवर होता. निसर्गातल्या मातीच्या स्फटिकात थोडे लोखंड असतेच. स्कॉट यांनी जे लोखंड मुद्दाम घातले होते, तेच इथे न बोलावता आले. दुसरा संशयित म्हणजे माती प्लास्टिकशी जुळावी म्हणून तिला लावलेले अमोनियमचे सेंद्रिय लवण. ते तापवताना मोडते आणि मूलकांना निमित्त देते. शिवाय प्लास्टिकमध्ये घातलेली संरक्षक द्रव्ये मातीच्या पृष्ठभागावर शोषली जाऊन निकामी होऊ शकतात. पॉलिलॅक्टिक ॲसिडमध्येही मातीमुळे उन्हातला ऱ्हास वाढण्याचा कल पुढे दिसला.

त्या मानाने चुनखडी आणि शंखजिरे स्वभावाने निरुपद्रवी. दोन्ही अतिनील प्रकाशाने टायटॅनियमसारखी पेटत नाहीत. पण निरुपद्रवी म्हणजे निष्क्रिय नव्हे. कणांवरून प्रकाश विखुरतो, त्यामुळे खालच्या थरांना थोडी सावली मिळते. उलट, कण आणि प्लास्टिक यांची पकड सैल असेल तर त्या फटीतून पाणी आणि ऑक्सिजन आत शिरतात. फिल्म ताणली गेली की तडा तिथूनच जातो. शिवाय खाणीतल्या दगडात लोखंड किती, हे खाणीवर अवलंबून. एका खाणीतले शंखजिरे दुधासारखे, दुसरीतले पिवळसर झाक असलेले. पिशवीवरचे नाव एकच, उन्हातले वागणे वेगळे असू शकते.

प्रमाणपत्र कोणत्या फिल्मचे?

२०१८ मध्ये युरोपने जैवविघटनशील आच्छादनासाठी ‘ईएन १७०३३’ हे मानक आणले. त्यानुसार मातीत, २० ते २८ अंश सेल्सिअस तापमानात, दोन वर्षांच्या आत किमान ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. मानक नेटके आहे. अडचण चाचणीच्या नमुन्याची आहे. कुजण्याच्या चाचणीसाठी सहसा नवी कोरी फिल्म घेतात. शेतात मातीखाली जाते ती मात्र तीन-चार महिने ऊन खाल्लेली, जिच्यात कदाचित आडवे सांधे पडले आहेत अशी फिल्म. परीक्षेला एक जण बसतो आणि नोकरीला दुसरा जातो, त्यातलाच हा प्रकार.

भारतातला प्रश्न याच्याही एक पायरी मागे आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून ‘कंपोस्टेबल’ हा शब्द पिशव्यांवर सर्रास दिसू लागला. त्यामागचे मानक औद्योगिक कंपोस्टचे आहे आणि तिथल्या चाचणीतला ढीग सुमारे ५८ अंशांवर ठेवलेला असतो. इतकी ऊब बांधावरच्या मातीत सतत राहत नाही. म्हणून पिशवीवरचा शब्द शेतातल्या फिल्मला जसाच्या तसा लावणे चुकीचे. पुण्याजवळ जेजुरीला २०२४ मध्ये पॉलिलॅक्टिक ॲसिड तयार करण्याचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले आहे. उसाच्या पट्ट्यात साखरेपासून प्लास्टिक निघू लागले, तर ते इथल्याच शेतात पसरले जाण्याची शक्यता मोठी आहे. ते पसरण्याआधी आपल्या उन्हात त्याचे काय होते, हे पाहायला हवे. मिशिगन आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे. तिथल्या उन्हाळ्याचे निकाल सोलापूरच्या एप्रिलला लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही.

यात नव्या शोधाची वाट पाहण्यासारखे फार थोडे आहे. टायटॅनियम लागत असेल तर कवच चढवलेले रुटाइल घ्यावे, ही शहाणीव रंगवाल्यांकडे केव्हाची आहे. काजळीचे प्रमाण किती ठेवावे, हे केबलवाल्यांना ठाऊक आहे. लोखंड मोजणे प्रयोगशाळेत अवघड नाही. उरते ते एवढेच, की उन्हात ठेवलेली फिल्म मग मातीत पुरून तपासावी, आणि भुकटीचे नाव, प्रमाण व जात गुंडाळीवर छापावी. नाशवंत फिल्म विकत घेणारा शेतकरी आज ‘किती मायक्रॉन?’ आणि ‘काय भाव?’ एवढे विचारतो. ‘यात कोणती भुकटी आहे आणि ती उन्हात काय करते?’ हा तिसरा प्रश्न त्याच्या हक्काचा आहे.

कारण भुकटी कुजत नाही. प्लास्टिक वेळेवर कुजले, तर चुनखडी जमिनीत मिसळते, शंखजिरे पडून राहते, टायटॅनियमही जिथल्या तिथे राहते, आणि दर हंगामाला त्यात थोडी भर पडते. प्लास्टिक कुजले नाही, तर तेही त्यांच्या सोबतीला राहते. एका हंगामाची फिल्म पुढच्या कितीतरी हंगामांच्या मातीला उत्तर द्यायला बांधलेली असते. तिच्या पोटात काय घातले आहे, याची चौकशी ती अंथरण्याआधी व्हावी. नांगराच्या फाळाला चिंध्या लागू लागल्यावर नव्हे.